सामाईक लायब्ररी १.० : काय उघडं ठेवायचं, काय आत

६ जानेवारी २०२५, सोमवार

पतसंस्थांसाठीच्या आपल्या चार ॲपांना, म्हणजे सभासद नोंदणी, कर्जवसुली, एसएमएस आणि अहवाल यांना, एकच पायथॉन लायब्ररी लागते. ती अजून ०.९ वर रेंगाळली आहे. सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमानं आवृत्ती शून्यानं सुरू होते तोवर काहीही, कधीही बदलायची मुभा असते. ती मुभा आपण पुरेपूर वापरून घेतली. मार्चअखेरची धावपळ संपली की १.० काढायची. म्हणजे बाहेरच्यांनी नेमकी कोणती फंक्शनं वापरायची ते जाहीर करायचं आणि पुढं ती निमूट सांभाळायची.

आज काय आहे? 'यूटिल्स' नावाची एक लांबलचक फाइल. ज्याला कुठं जागा मिळाली नाही ते सगळं इथं येऊन पडलं: मजकूर साफ करणं, आकडे देवनागरीत करणं, आर्थिक वर्ष काढणं, रक्कम अक्षरी लिहिणं, यादीचे तुकडे पाडणं, फाइलला नाव देणं. कोणतं आतलं आणि कोणतं बाहेरचं याचा काही पत्ता नाही.

(फंक्शनांची खरी नावं कोडात रोमन लिपीत आहेत. नोंदींमध्ये मी मराठी नावं वापरणार आहे, वाचायला सोपं पडतं.)

८ जानेवारी, बुधवार

चारही रेपॉझिटरींत (ॲपांच्या कोडाच्या साठ्यांत) शोध घेऊन कोण काय वापरतं याचा तक्ता केला. बरीच फंक्शनं कुणीच वापरत नाही. ती काढताना वाद होणार नाही. बरीच एकाच ॲपात वापरली जातात. ती मुळात त्या ॲपातच असायला हवी होती, 'पुढं कुणाला लागतील' म्हणून इथं टाकली गेली.

खरी डोकेदुखी तिसऱ्या गटात आहे. अंडरस्कोरनं सुरू होणारं नाव म्हणजे 'हे आतलं आहे, हात लावू नका', हा पायथॉनमधला साधा संकेत. वसुली ॲपनं अशी फंक्शनंही खुशाल इम्पोर्ट केली आहेत. त्याहून कहर म्हणजे, एके ठिकाणी 'अक्षरी_रक्कम'नं फेकलेल्या एररचा मजकूर तपासून पुढचा निर्णय घेतला आहे. त्या मजकुरातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली तरी वसुलीची पावती अडेल.

गूगलमध्ये काम केलेले हायरम राइट यांच्या नावानं एक नियम सांगितला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही, जे जे वागणं बाहेरून दिसतं त्या सगळ्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. आपल्याकडे वापरणारी ॲपं चारच आहेत. तेवढ्यावरच ही परिस्थिती.

१३ जानेवारी, सोमवार

पहिली चाळणी: भाषेतच जे आयतं मिळतं ते बाद.

'तुकडे_पाड' गेलं, कारण सर्व्हरवर आता पायथॉन ३.१२ आहे आणि त्यात इटरटूल्समध्ये 'बॅच्ड' आलंय. 'डावीकडे_शून्य' गेलं, खाते क्रमांकाला 'झेडफिल' पुरतं. या फंक्शनवरून मार्च २०१६ मधला लेफ्ट-पॅडचा गोंधळ आठवला. डावीकडे जागा भरणारं ११ ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज लेखकानं एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि बेबलसकट कितीतरी मोठ्या प्रकल्पांची बिल्ड अडकली. पुढं ईएस २०१७ या जावास्क्रिप्टच्या मानकात 'पॅडस्टार्ट' भाषेतच आलं. अकरा ओळी वाचवण्यासाठी दुसऱ्यावर विसंबायचं का, ही चर्चा तेव्हा भरपूर झाली. आपल्या यूटिल्समध्ये तसल्या फंक्शनांची रांगच आहे.

'अंक_वाच' पण गेलं. ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं की पायथॉनचं 'इंट' देवनागरी अंक सरळ वाचतं. '१२३' दिलं की एकशे तेवीस मिळतात. ब्राउझरमध्ये मात्र जावास्क्रिप्टचं 'नंबर' याच मजकुराला 'हा आकडाच नाही' म्हणतं. त्यामुळे फ्रंटएंडवाल्यांना असलं काहीतरी लागेल, पण ते त्यांच्या बाजूला.

'शब्द_वेगळे' ठेवलंय, तेही आतून नव्यानं लिहायच्या अटीवर. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनचं 'डब्ल्यू', म्हणजे 'शब्दातलं कोणतंही अक्षर' अशी खूण, वापरलंय. पायथॉनचं मूळ 'री' मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटीला शब्दातलं अक्षर समजत नाही. 'मराठी' हा शब्द त्यातून काढला तर हाती 'मर' आणि 'ठ' एवढंच येतं. अहवाल ॲपात शोधाचे निकाल विचित्र का येतात, याचं उत्तर बहुधा इथंच आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

आजचा अख्खा दिवस 'मजकूर_साफ'नं खाल्ला. चारही ॲपं वापरतात असं हे एकमेव फंक्शन, आणि सगळ्यात घातक तेच.

ते काय करतं? दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढतं, मधल्या दोन जागांची एक करतं, युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराच्या सममूल्य मांडण्यांपैकी ठरवून दिलेली एक) देतं आणि डोळ्यांना न दिसणारी शून्य रुंदीची चिन्हं उडवतं. शेवटची गोष्ट कुणीतरी व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुराला वैतागून घातली असणार. हेतू चांगला, पण मराठीत त्या न दिसणाऱ्या चिन्हांना काम असतं.

'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला रफार नसलेला, आडवा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ (यू+०९३१) आणि हलन्त असं लिहितात. काही फोनेटिक कीबोर्ड साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर असं लिहितात. युनिकोडच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीशी जुळावं म्हणून मानकानं ही रीतही चालू ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. एनएफसी या दोघांना एक मानत नाही. आणि आपलं 'मजकूर_साफ' दुसऱ्या रूपातला जॉइनर उडवून र ला रफार करून टाकतं. एका संस्थेच्या सभासद यादीत एकच माणूस दोनदा नोंदला गेलाय, एकदा आडव्या र चा आणि एकदा रफाराचा. त्याच संस्थेच्या वार्षिक सभेच्या खर्चात आचाऱ्यांचे पैसे आचार्यांच्या नावावर पडलेले दिसले. लेखापरीक्षकांच्या नजरेतून सुटलं म्हणून बरं.

झीरो विड्थ नॉन-जॉइनरचीही हीच कथा. 'उद्‌घाटन' पाय मोडून लिहायचं तर तो लागतो. उडवला की द आणि घ ची जोडी होते. इथं अर्थ बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं, पण दोन नोंदी जुळायच्या थांबतात.

मग ॲ. हा यू+०९७२ वर स्वतंत्र वर्ण म्हणून युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ॲ आणि ऑ आहेत. पण अ ला चंद्र जोडूनही तसंच दिसतं, आणि जुन्या नोंदींत तेच आहे. एनएफसी यांनाही एक मानत नाही. 'ॲड.' लावलेल्या वकील सभासदांचे त्यामुळे दोन तट पडलेत.

थोडक्यात, एनएफसी लागतं, पण एवढ्यानं भागत नाही. त्याच्या स्वतःच्याही खोडी आहेत: ऱ ला ते जोडून एकच वर्ण करतं, तर हिंदी नावांतल्या ड़ ला नेमकं उलट, ड आणि नुक्ता असं फोडून ठेवतं. हे नियमानंच ठरलेलं आहे, बग नव्हे. पण हा तपशील चार ॲपांतल्या चौघांनी लक्षात ठेवावा अशी अपेक्षा करणं वेडेपणा आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

बैठक. वसुली ॲप सांभाळणारे सर आमच्यात सर्वांत जुने. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "अगं, दोन ठिकाणी लागतंय ना, मग लायब्ररीत टाक. परत परत कशाला लिहायचं?" अहवालवाल्या मुलाचं दुसरं टोक: "ताई, कमीत कमी उघडं ठेवूया. नंतर वाढवता येतं, काढता येत नाही."

दोघांचंही अर्धंच पटलं. परत लिहायला लागणं हे फार मोठं दुःख नाही. पाच ओळी चार ॲपांत चार जणांनी लिहिल्या तर बिघडत काय? काही वेळा काहीच नाही. फाइलचं नाव एका ॲपात तारखेनं सुरू होतं, दुसऱ्यात संस्थेच्या कोडनं. कुणाचं काही अडत नाही. पण 'कुऱ्हाडे' एका ॲपानं एका रीतीनं साठवलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या, तर नोंदणीतला सभासद वसुलीत सापडत नाही. व्याजाचे ५० पैसे एकानं वर नेले आणि दुसऱ्यानं खाली, तर ताळेबंद जुळत नाही.

म्हणून कसोटी अशी ठरवली: हे काम दोन ॲपांनी वेगवेगळ्या रीतीनं केलं तर माहिती बिघडते का? बिघडत असेल तर ते फंक्शन उघडं, आणि सगळ्यांना तेच सक्तीचं. बिघडत नसेल तर ज्यानं त्यानं आपापलं लिहावं, नकल झाली तरी चालेल. ओळी किती वाचतात हा प्रश्नच विचारायचा नाही.

सरांना हे लगेच पचलं नाही. "नकल चालेल असं लिहून ठेवतेस?" म्हणाले. ठेवलं.

मला स्वतःला या कसोटीचं एक अंग आवडलं. अहवालवाल्याचं 'कमीत कमी' हे माप केवळ आकड्याचं आहे. त्या मापानं 'मजकूर_साफ' सहज उघडं राहिलं असतं, कारण ते एकच फंक्शन आणि चौघांना हवं असलेलं. या कसोटीनं त्याचे तुकडे करावे लागतात. जागा छाटणं कुणीही करावं. प्रमाण रूप मात्र एकच हवं.

२८ जानेवारी, मंगळवार

'लांबी'वर इतका वेळ जाईल असं वाटलं नव्हतं.

'म्हात्रे' या आडनावाची लांबी किती? पायथॉनचं 'लेन' ८ सांगतं: म, हलन्त, ह, काना, त, हलन्त, र, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये तेच २४ बाइट होतात. माणूस म्हणेल दोन अक्षरं, म्हा आणि त्रे. युनिकोडचा अक्षरसमूह मोजायचा नियम काय म्हणतो, हे कोणती आवृत्ती यावर ठरतं. जुन्या नियमात हलन्तापाशी तुकडा पडायचा, त्यामुळे म्, हा, त्, रे असे चार. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर एकसंध धरणारा नियम आला, तेव्हापासून दोन. म्हणजे सर्व्हरवरची लायब्ररी अद्ययावत केली की आपल्याच फंक्शनचं उत्तर चारावरून दोनावर येणार, आपण कोडाला बोटही न लावता.

आता हे लागतं कुणाला? तिघांना, आणि तिघांना वेगवेगळं.

सभासद नोंदणीला डेटाबेसच्या रकान्यात नाव मावतं का ते पाहायचंय. पोस्टग्रेस हा डेटाबेस कोडपॉइंट (युनिकोडमधला एकेक क्रमांकित वर्ण) मोजतो, तिथं ८ हेच बरोबर, आणि त्यासाठी 'लेन' आहेच.

एसएमएसवाल्यांना संदेशाचे भाग मोजायचेत, कारण पैसे भागांवर लागतात. साध्या इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात; देवनागरीचं एक जरी चिन्ह आलं की अख्खा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. एकाहून जास्त भाग झाले की प्रत्येकी ६७ च, कारण भाग जोडण्याची माहितीही आतच घालावी लागते. ₹ हे चिन्ह देखील त्या मूळ इंग्रजी संचात नाही. नुसत्या इंग्रजी संदेशात 'आरएस' ऐवजी ₹ घातलं की खर्च दुपटीहून वर जाऊ शकतो. हे ज्ञान एकाच जागी असलं पाहिजे, नाहीतर एसएमएस ॲपाचं बिल आणि अहवालातला खर्च जुळणार नाही.

तिसरे अहवालवाले: लांबलेलं नाव तोडून पुढं टिंबं लावायची असतात. आज ते मजकुराचे पहिले अमुक कोडपॉइंट घेतात. त्यामुळे कधी कुणाची वेलांटी तुटते, कधी शेवटी लोंबता हलन्त राहतो.

ठरलं ते असं. 'लांबी' नावाचं काहीही उघडं नाही. 'एसएमएस_भाग' उघडं, त्याचं उत्तर म्हणजे किती भाग पडतील. 'अक्षरावर_तोड' उघडं, पण त्याचं वचन मुद्दाम कमी ठेवलंय: निकाल दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा नसेल आणि अक्षराच्या मधोमध कधी तुटणार नाही. नेमका कुठं तुटेल ते कबूल केलेलं नाही. 'अक्षरं मोजा' असं फंक्शन दिलं असतं तर आपलं वचन युनिकोडच्या पुढच्या आवृत्तीनं परस्पर मोडलं असतं. तोडण्याचं वचन नियम बदलला तरी टिकतं.

पासबुकाच्या छापील रकान्यात किती मावेल, असंही एकानं विचारलं. ते फॉन्ट माहीत असल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. नाकारलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

यादीचा क्रम. कोडपॉइंटनं लावली तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, म्हणून काळे आधी आणि काशिद, कासार नंतर. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या पुढं. क्षीरसागर हे क च्या घरात सगळ्यांत शेवटी, कौ च्याही मागं जाऊन बसतात, कारण हलन्ताचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या वर आहे. आणि ॲ चा क्रमांक ह च्याही पुढचा, त्यामुळे नव्या रीतीनं टाइप केलेले 'ॲड.' यादीच्या तळाशी, तर जुन्या रीतीचे अ आणि आ च्या मधे. मतदार यादी अशी लागली तर निवडणुकीच्या वर्षी संस्थेत काय होईल ते सांगायला नको.

क्रमाचे मराठी नियम आयसीयू या युनिकोडच्या तयार लायब्ररीकडून घ्यायचे, हाती लिहायचे नाहीत. प्रश्न एवढाच की 'यादी_लाव' द्यायचं की 'क्रम_की'. पायथॉनमध्ये यादी लावणाऱ्या फंक्शनला की (ज्यावरून क्रम ठरतो ती किल्ली) देता येते, तेव्हा 'क्रम_की' पुरे. पण एक अट ठळक लिहायची: ही की डेटाबेसात साठवू नये. आयसीयूची आवृत्ती बदलली की कीही बदलू शकते. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ नं (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीनं) क्रमाचे नियम बदलले आणि पोस्टग्रेसचे जुने इंडेक्स किती जणांचे बिघडले, हे डेटाबेस सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पैसा. इथं कसोटी फार चर्चा न होता लागू पडली.

'रुपयात_पूर्ण' उघडं. पायथॉनचं 'राउंड' अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार. बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जायचं, हा तिथला नियम. डेसिमल या अचूक दशांश आकड्यांच्या प्रकाराचाही मूळ स्वभाव तोच. संस्थेत ५० पैसे वर जातात. वसुलीत हे हातानं सांभाळलेलं सापडलं, अहवालात नाही.

'लाख_कोटी' उघडं. पायथॉनची स्वल्पविरामाची सोय हजार-दशलक्षाची आहे, आपली १२,३४,५६७ ही मांडणी त्यात नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) भरवसा ठेवला तर ज्या सर्व्हरवर मराठी लोकेल बसवलेलं नाही तिथं एरर येते. ब्राउझरच्या बाजूला याची गरज नाही: जावास्क्रिप्टच्या 'इंटल'ला मराठी लोकेल दिलं की लाख-कोटी आणि देवनागरी अंक दोन्ही आयते मिळतात.

'अक्षरी_रक्कम' उघडं, पण फक्त एकच रूप: 'रुपये बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट फक्त'. फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा दशांश आकडा) दिला तर सरळ नकार, डेसिमल किंवा पूर्णांकच हवा. आतला नव्व्याण्णव शब्दांचा तक्ता मात्र आतच. मराठीत एक ते नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक शब्द वेगळा, त्यामुळे तक्ता लागतोच, आणि तो मोह पाडणारा आहे. अहवालवाल्यानं विचारलंच, "तेवढा तक्ता दे ना, तारखा अक्षरी करायच्यात." दिला असता, तर सत्त्याहत्तर की सत्याहत्तर, एक्क्याऐंशी की एक्याऐंशी हे पुढं कधी बदलताच आलं नसतं. शिवाय नुसता तक्ता घेऊन 'शंभर' कुठं आणि 'एकशे' कुठं हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसबरोबर 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रभर जो धुरळा उडाला तो लक्षात आहे. एका संस्थेनं तेव्हा व्हाउचरवर नवी रीत चालेल का असं गंभीरपणे विचारलं होतं. तक्ता आत असला की अशा प्रश्नाचं उत्तर एकाच ठिकाणी द्यावं लागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

'आर्थिक_वर्ष' उघडं. '२०२४-२५' असंच लिहिणार. '२०२४-२०२५' आणि 'एफवाय २५' दोन्ही डेटाबेसात सापडलेत.

'मराठी_अंक' (रोमन अंकांचे देवनागरी) बाद. दिसण्यापुरतं आहे, एका ओळीत होतं, आणि साठवताना कुणी वापरलं तर उलट नुकसान.

२० फेब्रुवारी, गुरुवार

'मजकूर_साफ'च्या जागी दोन.

'प्रमाण_रूप': एनएफसी, आडव्या र चं एकच रूप, अ+चंद्र चा ॲ, आणि जॉइनर-नॉन-जॉइनर फक्त जिथं काही करत नाहीत तिथंच काढायचे. वचन: पडद्यावर दिसणारं बदलणार नाही, आणि दोनदा लावलं तरी निकाल तोच. साठवण्याआधी सक्तीचं.

'शोध_की': ह्रस्व-दीर्घ एक, नुक्ता बाद. पाटिल लिहा की पाटील, निलेश की नीलेश, सापडलं पाहिजे. हे माहिती गमावणारं आहे, म्हणून याचा निकाल कुणालाही दाखवायचा नाही, त्यावरून दोन माणसं एकच आहेत असंही ठरवायचं नाही.

सरांना एकच फंक्शन आणि त्याला 'सैल' असा पर्याय हवा होता. मी अडून बसले. बूलियन, म्हणजे हो-नाहीचा, पर्याय ठेवला की कुणीतरी साठवताना सैल चालू ठेवतो आणि मग नीलेश कायमचा निलेश होतो. नावंच दोन असली की परीक्षण करणाऱ्याच्या नजरेला ते खटकतं. अखेर "बरं, तू म्हणतेस तसं" असं मिळालं, थोडं रुसून.

४ मार्च, मंगळवार

दार बंद कसं करायचं? गो भाषेत 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरातलं बाहेरच्यानं इम्पोर्ट केलं तर कोड कंपाइलच होत नाही. जावानं नवव्या आवृत्तीत, २०१७ साली, मॉड्यूल आणून हेच काम उशिरा आणि बऱ्याच आरडाओरड्यात केलं. पायथॉन कुणालाच अडवत नाही. 'ऑल' ही उघड्या नावांची यादी लिहिली तरी ती फक्त तारांकित ('सगळंच आण' अशा) इम्पोर्टला लागू.

तेव्हा आतलं सगळं अंडरस्कोर लावलेल्या एका उपपॅकेजात, आणि चारही ॲपांच्या सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) छोटी तपासणी: कोडाचं सिंटॅक्स ट्री वाचून त्या उपपॅकेजातलं इम्पोर्ट दिसलं की बिल्ड लाल. चारही रेपॉझिटरी आपल्याच हातात आहेत म्हणून हे शक्य आहे. बाहेरच्यांसाठीची लायब्ररी असती तर नुसती विनंती करावी लागली असती.

जुनी नावं लगेच उडवायची नाहीत. पायथॉन ३.७ पासून मॉड्यूललाच 'गेट-ॲट्रिब्यूट' लिहिता येतं. जुनं नाव मागितलं की इशारा देऊन नवं द्यायचं. इशारा मात्र डेप्रिकेशन वॉर्निंग या प्रकाराचा ठेवला तर चालवताना तो मूळ सेटिंगनं बहुतेक ठिकाणी दिसतच नाही, पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात दिसतो. आपल्या एका ॲपाला टेस्ट जवळपास नाहीतच (कोणत्या ते सगळ्यांना माहीत आहे). तिथं फ्युचर वॉर्निंग, तो मूळ सेटिंगनंही दिसतो. पायथॉननं स्वतः 'कलेक्शन्स'मधली 'मॅपिंग'सारखी नावं ३.३ मध्ये दुसरीकडे हलवली आणि जुनी वाट बंद केली ती ३.१० मध्ये, म्हणजे २०१२ ते २०२१. एवढं करूनही ३.१० आल्यावर लोकांचे प्रोग्रॅम मोडलेच. आपण एक आर्थिक वर्ष देतोय.

एररच्या मजकुराचं काय? एररला आता स्वतःचा प्रकार दिला. वसुलीनं तो प्रकार पकडावा. मजकूर वचनात नाही, असं दस्तऐवजात लिहिलं आणि सरांना तोंडीही सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

संस्थांकडून मागणी: श्रीलिपी, शिवाजी, सुरेख, योगेश या जुन्या फॉन्टांतल्या फाइली युनिकोडमध्ये आणणारं फंक्शन लायब्ररीत द्या. एका वसुली अधिकाऱ्यांचा फोन: "मॅडम, नव्वद सालापासूनची खाती तशीच पडलीत." गरज खरी आहे. पण हे काम संस्थेमागं एकदाच होतं, प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, आणि निकाल माणसानं डोळ्यांखालून घालावाच लागतो. लायब्ररीत ठेवलं तर कुणीतरी ते रोजच्या प्रवाहात लावील. स्वतंत्र स्क्रिप्ट करून देऊ. ती शेवटी 'प्रमाण_रूप' वापरेल. लायब्ररीशी तिचा संबंध तेवढाच.

मार्चअखेरपर्यंत आता काही हलवायचं नाही.

२ एप्रिल, बुधवार

१.० चा उमेदवार काढला. उघडं: प्रमाण_रूप, शोध_की, क्रम_की, शब्द_वेगळे, अक्षरावर_तोड, एसएमएस_भाग, रुपयात_पूर्ण, लाख_कोटी, अक्षरी_रक्कम, आर्थिक_वर्ष, आणि एररचे प्रकार.

'शब्द_वेगळे'बद्दल मी स्वतः साशंक आहे. शब्द वेगळे काढणं दोन ॲपांत वेगळं झालं तर माहिती बिघडते का? शोधाची अनुक्रमणिका एक ॲप बनवतं आणि दुसरं वाचतं, तोवर होय. ते काम एकाच ॲपाकडे गेलं की हे फंक्शनही तिकडेच जावं. दस्तऐवजात तसा शेरा ठेवलाय.

जुन्या नोंदींना 'प्रमाण_रूप' लावणारं मायग्रेशन संस्थेगणिक चालवायचं आहे. दुबार सभासद आपोआप एक करायचे नाहीत, यादी काढून संस्थेला द्यायची. खाती जोडायचा निर्णय संचालक मंडळाचा.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिली तक्रार १.० वर. अहवालवाल्याला 'शोध_की'मधला ह्रस्व-दीर्घाचा तक्ता हवाय, कारण 'सुनिता' शोधलं तर 'सुनीता' ठळक करून दाखवायची आहे आणि कीवरून मूळ मजकुरातली जागा कळत नाही. मागणी रास्त, मागितलेली वस्तू चुकीची. तक्ता दिला तर दोन ॲपांत दोन शोध सुरू होतील.

त्याऐवजी 'शोध_जागा' असं फंक्शन सुचवलं: मजकूर आणि शोधशब्द द्या, जुळलेल्या भागांच्या सुरुवाती आणि शेवट मिळतील, अक्षराच्या सीमेवरच. तो म्हणाला, "ताई, तेच हवं होतं, पण ते मागता येईल असं वाटलं नाही." १.१ साठी नोंदवलं. खऱ्या याद्यांतल्या नावांच्या जोड्या तो गुरुवारपर्यंत देणार आहे, सभासदांचे क्रमांक काढून.